शिवसागराकाठी कुत्र्याला घेऊन मुक्काम

साताऱ्याहून कास पठार ओलांडून बामणोलीला उतरलं की पुढचा रस्ता पाण्यातूनच. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी भाड्याचं घर घेऊन आपलं आपण रांधून राहायचं, आमच्या राणीला न्यायचं तर मला हेच बरं वाटतं.

घर ठरवताना फोनवरच विचारा, कुत्रं आत झोपू देणार का? ‘अंगणात बांधा’ म्हणाले तर दुसरं घर बघा. हे बिबट्याचं रान आहे, रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला आयतं सावज. अंधार पडल्यावर शू करायलासुद्धा पट्टा लावून, बॅटरी घेऊनच न्यायचं.

लाँचवाल्याला आधी कल्पना द्या. इंजिनाच्या धडधडीनं राणी थरथरते, म्हणून मी तिला पुढच्या टोकाला दोन्ही पायांत धरून बसते, पाठीवर हात ठेवून. पाण्याच्या मधोमध आलो की निवळते, नाक वर करून वास घेत राहते. निघण्याआधी पोटभर खायला मात्र घालू नका, ओकतात.

किराणा साताऱ्यातच भरा. तिचा भात वेगळा शिजवा, कांदा-लसूण कुत्र्यांना विषच. रेबीजच्या लसीचा दाखला जवळ ठेवा. गोचिडांसाठी रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत चाचपून बघा. पावसाळ्यात जळवा फार, तेव्हा जाऊच नका.

वासोटा किल्ल्यावर कुत्रं न्यायचं नाही, तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. घरातल्या कुणीतरी तिच्यापाशी थांबायचं, नाहीतर किल्ला पुढच्या खेपेला.