हिवतापाच्या प्रशिक्षणाला उभं राहण्याआधी

प्रशिक्षक म्हणून पहिल्यांदा नाव लागलं की बहुतेक जण आधी स्लाइड्स करायला बसतात, आणि पहिली स्लाइड हमखास डासाच्या जीवनचक्राची निघते. अंडी, अळी, कोष, डास, मध्ये चार बाण. समोर बसलेल्या आरोग्यसेवकांनी हे चित्र शाळेपासून पाहिलेलं असतं. माझा सल्ला असा, की ते दुपारपर्यंत बाहेर काढूच नका. सकाळची वेळ हातांना द्या.

मी या कामात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून आले. आलेले रक्तनमुने तपासता तपासता, ते घेणाऱ्यांना शिकवायचं कामही माझ्याकडे आलं. खराब काचपट्टी पाहिली की ती घेणाऱ्याला कधी काय दाखवलं गेलं नसेल, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. म्हणून माझं प्रशिक्षण काचपट्टीपासून सुरू होतं.

एका टेबलाभोवती पाच-सहा जणांपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकाला लॅन्सेट (बोट टोचायची छोटी सुई), कापूस, स्पिरिट, स्वच्छ काचपट्ट्या. बोटाला स्पिरिट लावलं की ते पूर्ण वाळेपर्यंत थांबायला शिकवा, कारण ओल्या बोटावर रक्ताचा थेंब धरत नाही, पसरतो. टोचायचं बोटाच्या टोकाच्या जरा कडेला. पहिला थेंब पुसून टाकायचा. मग जाड लेप आणि पातळ लेप. जाड लेप किती जाड, हे शब्दांत सांगून कळत नाही. काचपट्टी छापील कागदावर ठेवायला लावा. खालची अक्षरं जेमतेम वाचता आली तर जाडी बरोबर. पातळ लेप मिथेनॉलने पक्का करायचा, जाड लेपाला मात्र मिथेनॉल लागू द्यायचं नाही, कारण तिथे रंग देताना लाल पेशी फुटायला हव्या असतात. तरच एवढ्या थरातून जंतू दिसतात. याच कारणासाठी जाड लेप उन्हात किंवा दिव्याजवळ वाळवायचा नाही, उष्णतेनेही तो पक्का होऊन बसतो. हे कारण एकदा नीट सांगितलं की सूचना पुन्हा पुन्हा द्यावी लागत नाही.

बारीकसारीक गोष्टीही इथेच येतात. ओला लेप उघडा ठेवला की माश्या, मुंग्या, झुरळं तो खातात. कडेने कुरतडलेल्या, मध्येच भोकं पडलेल्या लेपाची काचपट्टी सगळ्यांच्या हातातून फिरवा. क्रमांक पेन्सिलने पातळ लेपाच्या जाड टोकाकडे लिहायचा. शाईने लिहिलेला रंगाच्या प्रक्रियेत धुऊन जातो आणि मग कुणाचं रक्त ते कळायला मार्ग उरत नाही. आरोग्यसेवकांना सूक्ष्मदर्शकाखालीही एकदा बघू द्या. जाड लेपाची किमान १०० क्षेत्रं (भिंगातून एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक क्षेत्र) पाहिल्याशिवाय ‘जंतू नाहीत’ असं लिहिता येत नाही, हे स्वतः मोजून पाहिलं की आपला वाईट लेप पलीकडच्याला किती छळतो ते त्यांना कळतं.

रॅपिड टेस्टला नवे प्रशिक्षक अर्ध्या तासात गुंडाळतात, कारण ती सोपी दिसते. सोपी आहे म्हणूनच तिच्यावर वेळ घालवा. पाकीट फोडण्याआधी मुदत पाहिली का, आतल्या सिलिका जेलचा रंग बदललेला नाही ना, रक्त नेमक्या खाचेत पडलं का, बफरचे थेंब किटसोबतच्या कागदावर आहेत तितकेच टाकले का. प्रत्येक कंपनीच्या किटचे थेंब आणि वाचायची वेळ वेगळी असू शकते, त्यामुळे मागच्या किटची सवय नव्या किटला लावू नये. लवकर वाचलं तर रुग्ण हातचा सुटतो, फार उशिरा वाचलं तर नसलेली रेष दिसायला लागते. घड्याळ प्रत्येकाकडे असावं, आणि सुरू केल्याची वेळ किटवरच लिहिली जावी.

मग वापरलेल्या किट्सचे मोठे फोटो दाखवून निकाल विचारा. फिकट रेष आली की वर्गात हमखास दोन तट पडतात. रेष फिकट असली तरी निकाल पॉझिटिव्हच. नियंत्रण रेष, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी रेष, नसेल तर चाचणी रद्द, मग दुसरी रेष कितीही ठळक असो. आणखी एक प्रश्न येणारच, म्हणून तयारीत राहा: उपचार पूर्ण झाले तरी टेस्ट पुन्हा पॉझिटिव्ह का? फॅल्सिपेरम या हिवतापाच्या जंतूच्या एका जातीसाठीच्या बऱ्याच किट्स एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात आणि ते जंतू मेल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहतं. म्हणून औषध लागू पडलं की नाही हे तपासायला ही टेस्ट वापरायची नाही, त्यासाठी काचपट्टीच हवी. उलट बाजूही सांगावी. हे प्रथिन तयार करणारं जनुकच नसलेले फॅल्सिपेरम जंतू २०१० मध्ये पेरूमध्ये नोंदले गेले, पुढे इतर देशांतही सापडले. त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह आणि ताप हटत नाही, असं झालं तर पुन्हा तपासणी आणि वरच्या केंद्राकडे पाठवणी. निगेटिव्ह रुग्णाला ‘असू दे, घ्या’ म्हणून हिवतापाच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, हेही त्याच दमात सांगून टाका.

माझ्या मते प्रशिक्षणाचा सगळ्यात अवघड तास व्हायवॅक्स या हिवतापाच्या जंतूच्या दुसऱ्या जातीवरच्या गोळ्यांचा. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि उरलेल्या गोळ्या फळीवर जातात. प्रायमाक्वीन साधारणपणे १४ दिवस घ्यावं लागतं, कारण व्हायवॅक्सचा जंतू यकृतात झोपून राहतो आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा उठतो. हे फळ्यावर लिहून भागत नाही. दोघांना समोर बोलवा, एक जण रुग्णाचा भाऊ, दुसरा आरोग्यसेवक. भाऊ म्हणतो, “आता बरा आहे की तो, कामावरही जातोय. अजून कशाला गोळ्या?” बहुतेक नवे आरोग्यसेवक इथे “डॉक्टरांनी सांगितलंय” एवढंच म्हणतात आणि गप्प होतात. मग विचारा, “आणि तुमच्याच घरचा असता तर?” हळूहळू उत्तरं सुचायला लागतात. “दादा, ताप गेला, जंतू नाही गेला. तो आत दडून बसलाय. आज गोळ्या सोडल्या तर पुढच्या महिन्यात पुन्हा थंडी वाजून येईल, तेव्हा किती दिवस काम बुडेल?” असं कुणाच्या तोंडून आलं की तास वसूल.

त्याच तासात सावधगिरीही शिकवायची. गर्भवतींना आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना प्रायमाक्वीन नाही. जी-६-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटू शकतात. लघवी गडद किंवा लालसर काळपट झाली तर गोळी तिथेच थांबवून रुग्णाला तातडीने डॉक्टरकडे न्यायचं. उपाशीपोटी घेतलं तर पोटात मुरडतं, आणि गोळ्या सोडण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. फॅल्सिपेरमचं आर्टिमिसिनिनयुक्त औषध तीन दिवसांचं असतं, तिथे मात्रा सुटत नाहीत ना एवढं पाहायचं. बेशुद्धी, झटके, सतत उलट्या, धाप, काहीही पिता न येणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी घरी उपचार नाहीत.

आता दुपारी ते जीवनचक्र काढा, पण भिंतीवर नको, पाण्याकाठी. पांढरी पळी किंवा पांढरं भांडं घेऊन सगळ्यांना बाहेर न्या. अळ्या पळीत घेऊन पाणी स्थिर होऊ द्या. हिवताप पसरवणाऱ्या ॲनाफिलीस डासाची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगते, क्युलेक्स आणि एडिस या इतर डासांच्या अळ्या शेपटीकडच्या श्वासनळीने वरून तिरक्या लटकतात. ॲनाफिलीसला ती लांब नळीच नसते. ज्याने हे एकदा पाहिलं त्याला पुस्तकातली आकृती लागत नाही. गटार दिसलं की हिवताप, हा समज इथेच मोडतो. गटारात बहुधा क्युलेक्स सापडतात. हिवतापाच्या डासाला तुलनेने स्वच्छ पाणी लागतं. कुठलं, ते मात्र जातीवर अवलंबून. ॲनाफिलीस स्टीफन्साय टाक्या आणि हौदांत वाढतो. २०१२ मध्ये तो जिबूतीत सापडल्यापासून आफ्रिकेतल्या शहरांची चिंता वाढली आहे. दुसऱ्या जाती ओढ्यात, भाताच्या खाचरात, पावसाच्या डबक्यात. तेव्हा ‘भांडी रिकामी करा’ हा एकच मंत्र सगळीकडे चालत नाही. जिथे भांडी आहेत तिथे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा तो का, हे इथे सांगा: उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दीड आठवडा पुरतो, म्हणून पाणी त्याआधी ओतायचं.

फवारणी आणि मच्छरदाणीवर फार बोलावं लागत नाही, करून घ्यावं लागतं. पंपात साधं पाणी भरून भिंतीवर फवारायला लावा, नॉझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर. ओला पट्टा कुठे तुटला ते सगळ्यांना दिसतं. मच्छरदाणी सावलीत वाळवायची, कडक पावडरने धुवायची नाही. लस आली मग हे सगळं कशाला, असं कुणीतरी विचारेलच. आरटीएस,एस ला २०२१ मध्ये आणि आर-२१ ला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली, पण त्या फॅल्सिपेरमपासून मुलांना वाचवण्यासाठी आहेत आणि इतर उपायांच्या जोडीने द्यायच्या आहेत. एवढं सांगून पुढे जा.

रुग्ण कमी असलेल्या भागात वर्ग सुस्तावलेला असतो. तिथे मी श्रीलंकेची गोष्ट सांगते. १९६३ मध्ये तिथे वर्षभरात फक्त १७ रुग्ण होते. पहारा सैलावला आणि त्याच दशकाच्या अखेरीस आकडा लाखांत गेला. हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र मिळायला २०१६ उजाडलं.

या क्षेत्रात टिकायचा विचार असेल, तर नुसते प्रशिक्षक राहू नका. प्रयोगशाळेकडे ओढा असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू ओळखण्याची क्षमता-चाचणी द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत पातळी १ ते ४ अशी श्रेणी मिळते आणि ती कामाला येते. कीटकशास्त्राकडे जायचं असेल तर पहाटे डास पकडायची तयारी ठेवा. आकडे आवडत असतील तर सर्वेक्षणात माणसं कमीच पडतात.

प्रशिक्षणाआधी आणि नंतर घेतलेल्या लेखी परीक्षेचे गुण पाहून फार हुरळून जाऊ नका, ते वाढतातच. दोन-तीन आठवड्यांनी आरोग्यसेवकाच्या कामाच्या ठिकाणी जा आणि भाषण न देता नोंदवही मागा. ताप कधी आला, नमुना कधी घेतला, निकाल कधी कळला, पहिली गोळी कधी दिली, या चार तारखा एका ओळीत वाचा. ज्या दोन तारखांमध्ये सगळ्यात मोठं अंतर दिसेल, तो पुढच्या बॅचचा पहिला तास ठेवा.