गाडी रेस होते, पण पळत नाही

मेकॅनिकच्या कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी एका मोटरसायकलचा क्लच मी दोनदा खोलला. पहिल्यांदा घाईने, दुसऱ्यांदा शरमेने. गाडी जुनी, तक्रार नेहमीची: चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी तिथल्या तिथे. क्लच प्लेटा गेल्या, असं मी लगेच सांगून टाकलं. नव्या घातल्या, गाडी दिली. आठ दिवसांत ती परत दारात.

उस्तादांनी मालकाला एकच विचारलं, "ऑईल कुठलं घालता?" घरात कारचं उरलं होतं, तेच घातलेलं. मग माझ्याकडे वळून, "आणि तू खोलताना काढलेलं ऑईल कुठे गेलं?" ते स्वच्छ दिसलं म्हणून मी गाळून परत ओतलं होतं.

बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनाला ती मानवतात, पण क्लच चालतोच मुळी घर्षणावर: स्प्रिंगांनी दाबलेल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरून इंजिनचा जोर चाकाकडे पाठवतात. म्हणून डब्यावर मागच्या बाजूला जासो (JASO, ऑईलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं आहे का ते बघायचं. एमबी लिहिलेलं ऑईल ज्या स्कूटरचा क्लच ऑईलमध्ये नसतो तिच्यासाठी. ऑईल चुकीचं निघालं तर आधी ते बदलून थोडी गाडी चालवून बघा, कधी तेवढ्यानेच भागतं. आमच्या त्या प्लेटा मात्र पार गुळगुळीत झाल्या होत्या, परत बदलाव्या लागल्या. माझ्या खर्चाने.

तेव्हापासून पाना हातात घ्यायच्या आधी मी गाडीवर बसतो. इंजिन गरम होऊ द्यायचं, कारण थंड असताना घसरणारा क्लचही कधीकधी शहाण्यासारखा वागतो. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाला एकदम थ्रॉटल पिळायचा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. आवाजही चढत नसेल, गाडी नुसती जड वाटत असेल, तर कार्बोरेटर बघा, ब्रेक चिकटलाय का बघा. क्लचला हात लावू नका. झटके बसून खडखड होत असेल तर चेन स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चक्रावरून, उडत असेल. ज्या गाडीत किकचा जोर क्लचमधून इंजिनला जातो, तिथे किक मारताना पाय पोकळ गेल्यासारखा वाटतो. हीसुद्धा एक खूण.

मग क्लच वायर. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर ढिलाई हवी. ढिलाई अजिबातच नसेल तर तुम्ही लिव्हर सोडला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ढिलाई तपासा. टाकीखालून वायर चुकीची गेली असेल तर एका बाजूला वळवताच ती ताणली जाते. इथे नवखे हमखास फसतात. वायर वापरून लांबली की ढिलाई वाढते, म्हणून प्लेटा झिजल्यावरही वाढतच असेल असं वाटतं. पण बऱ्याच गाड्यांत प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट (बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी) आत सरकते आणि ढिलाई कमी होते. काही गाड्यांत इंजिनच्या बाजूलाही पुशरॉडचा, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दांडीचा, स्क्रू आणि लॉकनट असतो. वायर आधी पूर्ण सैल करायची, स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्यायचा, मग मॅन्युअल सांगेल तेवढा मागे. हा स्क्रू घट्ट राहिलेला असला तर लिव्हरवर कितीही कसरत करा, उपयोग नाही.

एवढं सगळं नीट असेल तरच क्लचचं कवर काढायचं. कवरचे बोल्ट कमीजास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कवरचा आकार काढून त्या त्या जागी भोक पाडा आणि बोल्ट तिथेच खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला की केसिंग फुटतं. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत काढायचे.

प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडा. जळका, उग्र वास येईल. एकदा नाकात बसला की विसरत नाही. अस्तराची (घर्षणाचा थर असलेली) प्लेट व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजा. नवी ३ मिलिमीटरच्या आसपास असली तर २.६-२.७ ला बाद, असा साधारण हिशेब. पण त्या गाडीच्या मॅन्युअलातला आकडा अंतिम. स्टीलची प्लेट सपाट काचेवर ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकतो का बघा. निळसर डाग म्हणजे ती तापलेली आहे. गुळगुळीत झालेल्या अस्तराच्या प्लेटा पॉलिश पेपरने घासून परत घालणारे खूप भेटतील. मी अस्तराला पेपर लावत नाही. चार दिवस बरं वाटतं, मग तीच गाडी, तोच चढ.

स्प्रिंगांकडे मात्र कुणी बघत नाही, आणि जुन्या गाडीत चोर बऱ्याचदा तिथेच असतो. एकदा प्लेटा मापात निघाल्या, वायर ठीक, ऑईल ठीक. स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या केल्या तर एक बाकीच्यांपेक्षा दिसण्याइतकी बुटकी. बदलायच्या त्या पूर्ण सेटने. एकच नवी घातली तर प्रेशर प्लेट तिरकी उचलते. हाउसिंगच्या (प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या) बोटांवर पडलेले खड्डे दिसले तर लक्षात ठेवा, त्यांनी सहसा क्लच घसरत नाही, तो नीट सुटत नाही; गिअर पडताना कुरकुर होते ती त्यामुळे.

नव्या प्लेटा घालण्याआधी काही तास योग्य ऑईलमध्ये भिजवा. स्प्रिंगांचे बोल्ट आवळताना हात आवरा. ते ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतात, १० न्यूटन मीटरच्या आसपासच घट्ट करायचे असतात. "अजून थोडं" म्हणत मी एकाचे आटे घालवले आणि पूर्ण हब, म्हणजे ते बोल्ट बसतात तो मधला भाग, बदलावा लागला.

कवर लावण्याआधी वायर जोडून लिव्हर दाबा आणि प्रेशर प्लेट चहूबाजूंनी सारखी उचलते का ते डोळ्यांनी बघा. जुनं पॅकिंग खरवडताना स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, एका ओरखड्यातून ऑईल कायम झिरपतं. शे-दोनशे किलोमीटर झाले की प्लेटा बसतात आणि ढिलाई बदलते, तेव्हा गाडी परत आणायला सांगा. बरेच मालक येत नाहीत. म्हणून मी त्यांना लिव्हरजवळचा ॲडजस्टर फिरवायला तिथेच, गाडी देताना, शिकवून ठेवतो.