जंगलातला पेंटबॉल: मित्रांची टीम घेऊन कसं खेळावं

पेंटबॉल म्हणजे रंगाच्या गोळ्या मारून समोरच्या टीमला बाद करण्याचा खेळ. तो पहिल्यांदा खेळणारा गट बहुतेक वेळा एकाच पद्धतीने हरतो. शिट्टी वाजते, जो तो दिसेल त्या झाडाकडे धावतो, पहिल्या काही मिनिटांतच निम्म्या गोळ्या पानांवर आणि फांद्यांवर संपतात आणि आपला माणूस कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. समोरची टीम एकमेकांशी बोलत पुढे सरकत असते, एवढ्यावरच ती जिंकते. नेम सरावाने सुधारतो. पण बोलणं आणि जोडीने हलणं पहिल्याच दिवशी जमू शकतं, आणि जंगलात तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

मैदान निवडताना

कुठल्याही मोकळ्या रानात शिरून खेळू नका. तिथून कोण कधी जाईल सांगता येत नाही, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर मास्क नसतो. रेफ्री असलेलं, हद्दी आखलेलं, गोळीचा वेग मोजणारं मैदानच घ्या. फोनवर चार गोष्टी विचारा: वेगाची मर्यादा किती, भाड्यात काय काय येतं, किमान वय किती आणि अगदी जवळून गोळी मारण्याबद्दल नियम काय.

वेगाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मोकळ्या जागेतल्या खेळासाठी सेकंदाला 300 फूट, म्हणजे साधारण 91 मीटर, ही सर्वत्र मानली जाणारी वरची हद्द आहे. जंगलात माणसं अचानक जवळून समोर येतात, म्हणून बरीच मैदानं 280 किंवा त्याहून कमी ठेवतात. खेळाआधी प्रत्येक मार्करमधून, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीतून, क्रोनोग्राफ या वेग मोजणाऱ्या यंत्रावर गोळ्या मारून वेग तपासला पाहिजे. हे न करता खेळायला सोडणारं मैदान असेल तर सरळ परत फिरा.

नेहमीची गोळी 0.68 इंचाची, म्हणजे सुमारे 17 मिलिमीटर जाडीची आणि जेमतेम 3 ग्रॅम वजनाची असते. वर जिलेटिनचं कवच, आत पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि रंग. पाण्याने धुतलं जातं. लागतं का, तर हो, चटका बसतो, आणि उघड्या त्वचेवर बसली तर काही दिवस निळसर वळ राहतो. गटात मुलं असतील किंवा कुणी फारच घाबरत असेल तर 0.50 इंचाच्या हलक्या गोळ्यांचा खेळ मिळतो का ते विचारा. त्याचा मार बराच सौम्य असतो.

मास्क

या एका गोष्टीत कुणाचंही ऐकू नका, कंटाळा करू नका, मित्राची थट्टा सहन करावी लागली तरी चालेल. या वेगाने आलेली गोळी उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. मास्क पेंटबॉलसाठीच बनवलेला हवा. त्यासाठी एएसटीएम एफ1776 हे मानक आहे आणि चांगल्या मास्कवर ते लिहिलेलं असतं. पोहण्याचा, कारखान्यातला किंवा बर्फात घालायचा गॉगल इथे चालत नाही.

घातल्यावर खाली वाकून मान जोरात हलवा. मास्क सरकला तर पट्टा आवळा. काचेवर तडा किंवा खोल ओरखडा दिसला तर लगेच बदलून मागा. चष्मा असेल तर तो आत घालून पाहा, दांड्या कानशिलावर टोचायला लागल्या की अर्ध्या तासात डोकं दुखतं.

खरी परीक्षा असते वाफ धरण्याची. पळाल्यावर दम लागतो, काच धुरकट होते आणि हात आपोआप मास्ककडे जातो. तेव्हा मास्क वर करायचा नाही, आत बोट घालून पुसायचंही नाही. आडोशाला खाली बसा, रेफ्रीला हाक मारा, तो तुम्हाला हाताला धरून बाहेर नेईल. एक डाव गेला तर गेला. दुहेरी काच असलेला मास्क कमी धुरकटतो, तेव्हा भाड्याने घेताना तोच आहे का विचारून घ्या.

मास्कचं भावंड म्हणजे नळीवरचं कापडी टोपण. खेळाच्या हद्दीबाहेर ते बॅरलवर असलंच पाहिजे. बाहेर सगळे मास्क काढून घाम पुसत असतात, आणि चुकून दबलेला ट्रिगर टोपणातच अडतो.

कपड्यांबद्दल थोडक्यात: सैलसर, पूर्ण बाह्यांचे, मातकट किंवा हिरवट रंगाचे. सैल कापडावर गोळी कधी कधी न फुटता उडून जाते. घोटा सांभाळणारे बूट, पातळ हातमोजे आणि गळ्याभोवती एखादा रुमाल. गळ्यावरचा मार फार झोंबतो.

मार्कर हातात आल्यावर

पेंटबॉलच्या बंदुकीला खेळाडू मार्कर म्हणतात. वर गोळ्यांचा डबा, म्हणजे हॉपर, त्यात साधारण 200 गोळ्या मावतात. मागे किंवा खाली वायूची टाकी. टाकीत दाबाखालची हवा असेल तर वेग बऱ्यापैकी एकसारखा राहतो. कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो. थंडीत त्याचा दाब उतरतो, आणि भराभर गोळ्या मारल्या की टाकी गार पडून वेग खालीवर होतो. निवड असेल तर हवेची टाकी घ्या.

क्रम पाळा: आधी मास्क, मग बॅरलवर टोपण, मग टाकी, शेवटी गोळ्या. सरावाच्या पट्ट्यावर जा आणि आधी 15, मग 25 मीटरवरच्या निशाण्यावर मारा. पेंटबॉल गोल आणि हलका असतो, त्यामुळे लवकर मंदावतो आणि खाली झुकतो. गोळी किती खाली पडते हे डोळ्यात बसवून घ्या. जंगलात 25–30 मीटरच्या पुढे मारलेली गोळी बरेचदा फांदीत अडकते, किंवा पोचली तरी फुटत नाही.

गोळ्या अचानक वाकड्यातिकड्या जायला लागल्या, समोर रंगाचा फवारा उडाला, तर नळीत गोळी फुटली आहे असं समजा. तसंच मारत राहिलात तर पुढच्याही फुटतील. आडोसा घेऊन नळी साफ करायच्या दांडीने दोनदा पुसून काढा. खाली सांडलेली गोळी उचलून पुन्हा हॉपरमध्ये टाकू नका. ओल लागून ती फुगते, मातीचा कण घेऊन येते आणि नेमकी नळीत फुटते. साध्या हॉपरमध्ये गोळ्या अडकतात, म्हणून अधूनमधून मार्कर हलका हलवावा लागतो.

जोड्या, आणि बोलण्याचे शब्द

या खेळाचा पहिला डाव 27 जून 1981 रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथल्या जंगलात झाला. बाराजण खेळले. त्यांच्या हातात होते झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी बनवलेले नेल-स्पॉट 007 मार्कर. झेंडे गोळा करायचे होते, आणि जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, एकही गोळी न मारता. जंगलात कसं चालायचं हे त्याला इतरांपेक्षा चांगलं माहीत होतं. टीम बांधताना हे लक्षात ठेवा: सगळ्यात जास्त गोळ्या मारणाऱ्याच्या हाती सूत्रं देऊ नका. शांत डोक्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस मागे ठेवा आणि त्याला चित्र जुळवू द्या.

बाकीच्यांच्या जोड्या पाडा. एका बाजूला पाच ते सात जण असले की बरं जमतं. जोडीदार एकमेकांना दिसेल एवढ्याच अंतरावर राहतात, आणि एक आउट झाला की दुसरा लगेच जवळच्या जोडीला जोडला जातो. संधी मिळाली तर डावाआधी मैदानातून फेरी मारा आणि ठळक खुणांना नावं द्या: पडका ओंडका, जोडझाड, खड्डा, लाल पिंप. मग हाक अशी येते, “जोडझाडामागे एक, डावीकडे सरकतोय!” ऐकणाऱ्याने ती पुन्हा ओरडून सांगायची. उलट हाक आली नाही तर कुणी ऐकलंच नाही असं धरायचं. “तो बघ तिकडे” या वाक्याचा जंगलात काडीचा उपयोग नाही, कारण तुमचं बोट कुणाला दिसत नसतं.

आणखी काही हाका ठरवून ठेवा. “भरतोय”, म्हणजे माझ्या गोळ्या संपल्या, माझी बाजू सांभाळ. “निघतोय”, म्हणजे मी जागा बदलतो आहे. आणि आपला माणूस गेला तर त्याच्या जागेचं नाव घेऊन “गेला”. समोरच्यांना ऐकू जाईल म्हणून गप्प राहायचं नाही. त्यांना थोडं कळलं तरी तुमच्या टीमला कळणं जास्त मोलाचं.

झाडामागे

झुडूप तुम्हाला लपवतं, वाचवत नाही. पातळ पानांतून गोळी येऊ शकते. दाट काटक्यांत मात्र ती फुटते, आणि तुमचीही तिथेच फुटेल. म्हणून मारण्यासाठी मोकळी फट असलेली, अंग झाकणारी जाड जागा निवडा.

खोडाला चिकटून उभं राहण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्यापेक्षा एक पाऊल मागे राहा. नळी बाहेर डोकावत नाही, आणि थोडंसं झुकलं तरी जास्त दिसतं. वरून डोकं काढू नका, बाजूने झुका. उजव्या हाताने मारणाऱ्याचं खोडाच्या उजव्या बाजूने कमी अंग उघडं पडतं. डावीकडून मारायचं झालं तर मार्कर डाव्या हातात घ्या, नाहीतर उजवा खांदा आणि कोपर आधी बाहेर येतात. आत असतानाच मार्कर निशाण्याकडे वळवून ठेवा, झुका, दोन-तीन गोळ्या मारा, परत आत या. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने किंवा गुडघ्यावर बसून झुका. त्याच उंचीवर, त्याच बाजूने तिसऱ्यांदा डोकावलात तर गोळी तुमची वाट बघत असते.

झाडामागे फार वेळ बसलात की नजर समोरच्या एकाच माणसावर खिळते, आणि मार बसतो तो बाजूने. दर थोड्या वेळाने डावीकडे, उजवीकडे आणि जोडीदाराकडे बघण्याची सवय लावा.

पुढे सरकण्याची रीत सोपी आहे, फक्त दोघांनी पाळायला हवी. एकजण समोरच्याच्या झाडाच्या कडेवर ठरावीक लयीत एकेक गोळी मारत राहतो, म्हणजे त्याला डोकं काढता येत नाही. तेवढ्यात दुसरा “निघतोय” म्हणत पुढच्या आडोशापर्यंत धावतो. कुठे पोचायचं हे निघण्याआधी ठरलेलं असावं, आणि तो टप्पा छोटा असावा. मग भूमिका बदलतात. समोरासमोर दोघे कितीही वेळ एकमेकांवर मारत बसतील आणि काही होणार नाही, पण एकाने बाजूला सात-आठ पावलं सरकून कोन मिळवला की तेच झाड त्याच्यासाठी आडोसा राहत नाही. समोरची टीम कोन मिळवू बघतेय असं दिसलं तर लगेच ओरडून सांगा आणि मागे या. मागे येण्यात कमीपणा नाही.

पहिला डाव झेंड्याचा घ्या. नुसतं बाद करण्याच्या खेळात नवशिके एकेका झाडामागे चिकटून राहतात. झेंडा आणायचा असला की हलावंच लागतं.

आउट

गोळी अंगावर, मार्करवर किंवा मास्कवर फुटली की तुम्ही आउट. उडून गेलेली गोळी धरत नाहीत. शेजारच्या झाडावर फुटून उडालेले शिंतोडेही बहुतेक मैदानांत धरत नाहीत, पण हे आधी विचारून घ्या. पाठीवर लागलीय का ते कळत नसेल तर रेफ्रीला तपासायला सांगा. लागल्यावर मोठ्याने “आउट” म्हणा, हात आणि मार्कर वर धरा, टोपण घाला आणि सगळ्यात जवळच्या वाटेने बाहेर पडा. जाताना कोण कुठे आहे ते सांगायचं नाही. हात वर असलेल्या माणसावर मारायचं नाही. रंग पुसून खेळत राहणं ही उघड फसवणूक आहे, आणि मित्रांच्या खेळात ती सगळ्यात जास्त लागते, कारण मग पुढच्या डावात कुणी कुणाचा शब्द मानत नाही.

अगदी जवळ, पाच-सहा मीटरवर कुणी बेसावध सापडला तर मारण्याआधी त्याला शरण यायला सांगा. अनेक मैदानांत हा नियमच आहे. नसला तरी आपसांत ठरवून घ्या. झाडामागून नुसता हात काढून न बघता मारायला सगळीकडे बंदी असते, आणि ती योग्यच आहे.

दोन डावांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं एवढंच बोला: कुठली बाजू उघडी राहिली, कुठली हाक ऐकू आली नाही. कुणी कोणाला मारलं याच्या गप्पा संध्याकाळी. पाणी मात्र तहान लागायची वाट न बघता पीत राहा, मास्कमध्ये किती घाम गेला ते कळत नाही.

खेळ संपल्यावर टाकी सोडवण्याआधी हॉपर रिकामा करा आणि सुरक्षित दिशेला दोन-चार वेळा ट्रिगर दाबून नळी मोकळी करा. मास्कची काच कोरड्या कापडाने घासू नका, त्याने ओरखडे पडतात. साध्या पाण्याने धुवा. उरलेल्या गोळ्या फार दिवस टिकत नाहीत. उन्हात मऊ पडतात, दमटपणाने फुगतात. म्हणून लागतील तेवढ्याच विकत घ्या आणि उरल्याच तर गटातल्या कुणाला शेवटच्या डावासाठी देऊन टाका.