झेंडा, शिट्टी आणि तिसरी डिव्हिजन: पंच म्हणून माझा पहिला मोसम

रविवारी सकाळी सहाला ऐरोलीहून नेरूळची लोकल पकडायची. सॅकमध्ये दोन शिट्ट्या, दोन घड्याळं, पिवळं आणि लाल कार्ड, टॉसचं नाणं, छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात माझं पेन पहिल्या हाफमध्येच बंद पडलं आणि पिवळ्या कार्डाचा जर्सी नंबर तोंडाने पुटपुटत मी मॅच पूर्ण केली. तेव्हापासून पेन्सिलच.

जिल्हा लीगच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये मी आत्ताच एक अख्खा मोसम पंच म्हणून काढला. बहुतेक मॅचेसना झेंडा घेऊन, म्हणजे लाइनवरची असिस्टंट पंच म्हणून, थोड्या मॅचेसना शिट्टी घेऊन, म्हणजे मुख्य पंच म्हणून. फुटबॉलवर जीव आहे, पण खेळाडू म्हणून फार पुढे जाता येणार नाही हे कळलंय, अशा मुलामुलींनी या बाजूचा विचार जरूर करावा. तुम्ही त्यांच्यातले असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

शिरकाव करणं अवघड नाही. जिल्हा किंवा राज्य संघटना नव्या पंचांसाठी कोर्स घेते. त्यात खेळाचे 17 नियम शिकवतात, मग लेखी परीक्षा आणि धावण्याची चाचणी होते. नियमांचं पुस्तक इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाच्या साइटवर फुकट मिळतं. कोर्सच्या आधी ते दोनदा वाचून जा. टीव्हीवर मॅच बघून आपल्याला जे नियम 'माहीत' असतात, त्यातले बरेच चुकीचे निघतात. थ्रो-इन, गोल किक किंवा कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड (बचावाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षा गोलच्या जवळ असताना पास घेणं) नसतो, हे माझ्याबरोबर कोर्सला बसलेल्या निम्म्या जणांना ठाऊक नव्हतं. धावण्याच्या चाचणीसाठी 75 मीटर धाव आणि 25 मीटर चाल असा सराव रोज करा. नुसतं जॉगिंग पुरत नाही. पंचाची धाव तुटक असते.

मैदानावर मॅचच्या तासभर आधी पोहोचा. मोठ्या स्टेडियममध्ये जे काम दहा माणसं करतात, ते खालच्या डिव्हिजनमध्ये पंचालाच करावं लागतं. फक्की कुठे पुसली गेली आहे, पेनल्टीचा स्पॉट गोललाइनपासून 11 मीटरवर आहे का, गोलपोस्ट हलतोय का, हे सगळं बघायचं. जाळी तर हात लावून तपासायची. पोस्टच्या पायाशी जाळी सुटलेली असली की बॉल बाहेरून आत शिरतो आणि मग वीस माणसं तुमच्याभोवती जमा होतात. माझ्या सॅकमध्ये आता सुतळीचा गुंडा कायम असतो.

मग टीम शीट, म्हणजे खेळाडूंच्या नावांची यादी. रविवार म्हणजे हार्बरवर मेगाब्लॉक. एका मॅचला पाहुण्या संघाचे सहाच जण वेळेवर पोहोचले, बाकीचे वाटेत अडकलेले. नियम सांगतो की एका संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर मॅच सुरू करता येत नाही. किती वेळ थांबायचं ते त्या स्पर्धेचे नियम ठरवतात, म्हणून ते कागद सोबत ठेवा. मुदत संपायला चार मिनिटं असताना सातवा मुलगा बूट हातात घेऊन पळत आला आणि मॅच सुरू झाली. पण पुढे आलेल्या दोघांची नावं शीटवर नव्हती. आमच्या लीगमध्ये सगळी नावं आधी द्यावी लागतात, त्यामुळे त्यांना मी आत घेऊ शकले नाही. ते दोघं पूर्ण मॅच लाइनबाहेर बसून होते. मला अतिशय वाईट वाटलं. त्यानंतर प्रत्येक मॅनेजरला मी सही करण्याआधी सांगते, 'दादा, जो यायची जराही शक्यता आहे, त्याचं नाव आत्ताच लिहा.'

खेळाडूंची तपासणी हा नाजूक भाग आहे. नडगीवरचे शिन गार्ड सक्तीचे, आणि अंगावर दागिना कोणताही नको. दागिन्यावर चिकटपट्टी लावलेली चालत नाही, हेही नियमात स्पष्ट आहे. मुलांच्या मनगटावर रबरबँड असतात, बाली असते. ते कुरकुरत का होईना, काढतात. एका महिला सामन्यात मात्र माझी कसोटी लागली. एका डिफेंडरच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, वर टेप लावलेली. ती म्हणाली, "मॅडम, लग्नानंतर पहिलीच मॅच आहे. काढायला सांगू नका." मी स्वतः मराठी घरातली. तिला काय वाटत असेल हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला बाजूला घेऊन, इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं की हवेतल्या बॉलसाठी दोघी उडाल्या आणि समोरचीचं बोट त्यात अडकलं, तर गळा तुझाच कापला जाईल. ती गप्प उभी राहिली. तेवढ्यात लाइनजवळून तिच्या सासूबाई आल्या, मंगळसूत्र हातात घेतलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. "खेळ तू," एवढंच म्हणाल्या. मॅच पाच मिनिटं उशिरा सुरू झाली. ती पाच मिनिटं मी रिपोर्टमध्ये लिहिली, कारण मात्र 'साहित्य तपासणी' एवढंच दिलं.

आता माझ्या चुकीबद्दल. 2017 साली वडिलांनी मला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 17 वर्षांखालील वर्ल्ड कपची सेमीफायनल दाखवायला नेलं होतं, स्पेन विरुद्ध माली. स्पेन 3-1 ने जिंकला. त्यात मालीचा एक लांबून मारलेला फटका क्रॉसबारला लागून खाली आपटला. आमच्या स्टँडला तो गोल वाटला, पण मिळाला नाही. मी शाळकरी मुलगी, घसा बसेपर्यंत पंचांवर ओरडले. घरी जाताना वडील म्हणाले, "आपण कुठे बसलो होतो आणि तो कुठे उभा होता?"

डिसेंबरमध्ये तोच बॉल माझ्यासमोर पडला. मी असिस्टंट होते. बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत, गोललाइनपासून जवळपास वीस मीटरवर, ऑफसाइड बघत. जागा बरोबर होती. अचानक मिडफिल्डरने लांबून फटका मारला, बॉल बारच्या खालच्या बाजूला लागून जमिनीवर आदळला आणि बाहेर आला. मुख्य पंचांनी माझ्याकडे बघितलं. नियम असा, की पूर्ण बॉल रेषेपलीकडे गेला तरच गोल. मला दिसलंच नव्हतं. मी झेंडा खालीच ठेवला, खेळ चालू राहिला, आणि तो संघ एका गोलने हरला. त्यांचा कर्णधार मॅच संपल्यावर काही बोलला नाही, फक्त गोलपोस्टजवळ जाऊन फक्कीकडे बघत उभा राहिला. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

सिनियर पंच सरांनी चहाच्या टपरीवर विचारलं, "न दिसलेला गोल दिला नाहीस, ते योग्य. पण फटका बसला तेव्हा तू काय केलंस?" मी उभी राहून बघत होते. पाय हलवायचे होते. बॉलच्या वेगाला कोणी गाठू शकत नाही, पण पाच-सहा मीटर पुढे गेलं तरी कोन बदलतो. पुढचे दोन महिने सेक्टरमधल्या मैदानावर लहान भावाला बॉल मारायला लावून मी फक्त तेवढंच केलं: फटक्याचा आवाज आला की गोललाइनकडे धाव. नव्या असिस्टंटला एकच सराव सांगायचा झाला तर मी हाच सांगेन. ऑफसाइडची नजर मॅचेस करून तयार होते. तिथेही घाई नको. कोण बॉल खेळतो ते दिसेपर्यंत झेंडा वर जाऊ देऊ नका.

शिट्टी हातात आली की वेगळाच प्रश्न उभा राहतो: लोक तुमच्याशी कसं बोलतात. मला कोणी 'मॅडम' म्हणे, कोणी 'ताई', आणि हरणारा संघ बऱ्याचदा 'सर' म्हणूनच ओरडे. मी कशालाच हरकत घेतली नाही. एकच गोष्ट टॉसच्या वेळी सांगायची, की निर्णयाबद्दल विचारायला फक्त कर्णधाराने यायचं. तो आला तर त्याला एका वाक्यात उत्तर द्यायचं. 'हात पसरलेला होता,' 'बॉल आधी खेळला.' कारण कळलं की बहुतेक जण मागे फिरतात. बेंचवरून शिवी आली आणि कोणी दिली ते कळलं नाही, तर टेक्निकल एरियातल्या (बेंचभोवतीच्या आखलेल्या जागेतल्या) सर्वांत वरिष्ठ कोचला कार्ड मिळतं. ही तरतूद अनेक कोचना माहीत नसते.

नवे नियम तर आधीच सांगून टाका. 2025-26 च्या मोसमापासून गोलकीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून मोजून दाखवतो. मी प्रत्येक मॅचआधी दोन्ही कीपरना हे प्रत्यक्ष करून दाखवत असे. पूर्ण मोसमात असा कॉर्नर एकदाच द्यावा लागला, आणि ओरडणाऱ्या डिफेंडरना त्यांच्याच कीपरने गप्प केलं.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी लिहा. मिनिट, जर्सी नंबर, काय घडलं. 'उद्धट वागला' असं लिहून चालत नाही, तो नेमकं काय म्हणाला ते शब्द लागतात. पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर आईसमोर बसून ती शिवी जशीच्या तशी लिहिताना हात अडखळला होता. तरी लिहा. शिस्त समितीपुढे तुमचा कागदच बोलतो.

पैशांचं स्पष्ट सांगते. या पातळीवर मिळणारं मानधन प्रवास, नाश्ता आणि बुटांमध्ये जातं. नोकरी किंवा शिक्षण सोडू नका. मी सोमवार ते शुक्रवार महापेला ऑफिसला जाते. पण वाट लांबवर जाते हे खरं. फिफाच्या आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीसाठी मुख्य पंचाचं वय किमान 25 आणि असिस्टंटचं किमान 23 लागतं, म्हणजे अठराव्या-विसाव्या वर्षी सुरुवात केली तर हाताशी वेळ आहे.

नियमांतले बदल साधारण 1 जुलैपासून लागू होतात. तेव्हा आपल्याकडे मैदानात घोटाभर चिखल असतो आणि मॅचेस बंद असतात. माझं नवं पुस्तक डाउनलोड करून झालंय, भावाला रविवारी सकाळी उठवायचं ठरलंय, आणि सुतळीचा नवा गुंडा घ्यायचा आहे.