मुलाला पहिला बेस (बेस गिटार) घेताय? आधी स्केल बघा
दहा-अकरा वर्षांच्या पोराला फुल साइज बेस घेऊ नका, त्याचं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 34 इंच असतं आणि पहिल्या फ्रेटपर्यंत (दांड्यावरच्या टोकाकडच्या आडव्या पट्टीपर्यंत) हात ताणून ताणून पोरगं आठवड्यात कंटाळतं. शॉर्ट स्केल म्हणजे 30 इंचाचा बघा, आयबानेझ कंपनीचा मिक्रो तर 28.6 इंचाचाच आहे. चार तारा पुरेत, पाच तारांचा नाद नको. दुकानात पट्टा लावून उभं करा, हात सोडल्यावर नेक (दांडा) खाली झुकत असेल तर दुसरा दाखवा म्हणायचं. अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) मात्र बेसचाच घ्या हं, घरात गिटारचा छोटा अ‍ॅम्प पडलाय म्हणून तोच जोडला तर खालच्या सुरांनी स्पीकर फरफरतो, आवाज वाढवला तर फाटतोसुद्धा. 15-20 वॉट घरी भरपूर झाले, फक्त हेडफोनचं भोक आहे ना ते बघा, शेजाऱ्यांसाठी!