पाळी मोजा, मग गहू पेरा

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरला की आपण निर्धास्त होतो. पण जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून २०८ किलोमीटर जातो. कोरडा पडलेला कालवा आधी स्वतः पाणी पितो, मग वरच्या चाऱ्या, म्हणजे कालव्यातून फुटलेले छोटे पाट, भरतात, आणि त्यानंतर कुठे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, रानात ओल पोहोचते. म्हणून पेरणीआधी पाणीवापर संस्थेत किंवा पाटबंधारेच्या शाखेत जाऊन विचारा: यंदा रब्बीला किती पाळ्या, म्हणजे कालव्याला किती वेळा पाणी सुटणार, आणि दोन पाळ्यांत अंतर किती? नमुना ७ चा पाणी अर्जही मुदतीत भरून टाका.

गव्हाची पेरणी पाळीवरून मागे मोजून ठरवा. पहिलं पाणी पेरणीनंतर २० ते २२ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना लागतं. पाळी १ डिसेंबरला येणार असेल, तर १० नोव्हेंबरच्या आसपास पेरलेल्या गव्हाला ती नेमकी सापडते. दोनच पाणी मिळणार असतील, तर दुसरं ६० ते ६५ दिवसांनी, फुलोऱ्यात द्या. एकच मिळणार असेल, तर ४० ते ४२ दिवसांनी. पण एका पाण्यावर गव्हाचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धरायचाच असेल, तर कमी पाण्याचा नेत्रावती वाण घ्या आणि क्षेत्र आवरतं ठेवा.

टेलच्या शेतकऱ्यानं हरभरा आणि ज्वारीच धरावी. ज्वारीला एकच पाणी असेल, तर ती पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानात असताना, ५० ते ५५ दिवसांनी द्या. हरभऱ्याला कळ्या धरताना एक आणि घाटे भरताना एक, एवढं पुरे. भारी काळ्या रानात हरभऱ्याला पाणी तुंबलं की पीक उभळतं, म्हणजे वाळून जातं, म्हणून सारे (पाणी द्यायचे पट्टे) लहान पाडा आणि पाणी हलकं द्या. मोठ्या भेगा पडेपर्यंतही थांबू नका. पाणी सगळं भेगांत जातं.

धुळ्याकडे पांझरा नदीवर जुनी फड पद्धत आहे. एका फडात, म्हणजे लागून असलेल्या शेतांच्या एका गटात, एकच पीक, आणि पाणी द्यायला गावानं नेमलेला पाटकरी. पाणी कमी असलं की भिजणारे फडच कमी करायचे. आपल्या चारीवर एवढं जमलं नाही तरी शेजारच्या चार-पाच शेतांनी पीक एक धरावं, म्हणजे पाण्याची गरज एकाच वेळी लागते आणि भांडण टळतं.

शेतचारीतलं गवत आणि गाळ पाळी सुटायच्या आधी काढा. पाणी आल्यावर फावडं घेऊन धावलात, तर अर्धी पाळी बांधावरच जिरते. रात्रीची पाळी असेल तर एकट्यानं जाऊ नका, बॅटरी आणि गमबूट घ्या. आणि रान भिजलं की चारीचं तोंड बंद करून खालच्याला हाक द्या.