हॅलोविनला रेट्रो हॉरर गेम खेळताय? या चुका टाळा

सायलेंट हिल पहिल्यांदा सुरू केला की बरेच जण आधी टीव्हीची सेटिंग उघडतात. समोर नुसतं धुकं, चार पावलांपलीकडचं काही दिसत नाही, चित्रात बारीक कण पसरलेले. मग ब्राइटनेस वाढवला जातो, शार्पनेस वाढवला जातो, आणि रात्र तिथेच बिघडते. १९९९ साली अख्खं गाव एकदम रंगवून दाखवणं प्लेस्टेशनला झेपणारं नव्हतं, म्हणून ते धुक्यात आणि अंधारात झाकलं गेलं. त्या झाकण्यातूनच गेममधली भीती उभी राहिली. गेमचा नायक हॅरी याच्या जवळचा रेडिओ खरखरू लागला की आसपास काहीतरी आहे एवढं कळतं, नेमकं कुठे ते कळत नाही. धुकं पुसून टाकलंत तर उरतात ओसाड रस्ते आणि ओबडधोबड आकृत्या.

जुन्या हॉरर गेमच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. गेममध्ये मुद्दाम ठेवलेली अडचण आपण दूर करायला जातो आणि यंत्रातला खरा बिघाड मात्र ‘जुना गेम आहे, असाच असणार’ म्हणून चालवून घेतो. ३१ ऑक्टोबरच्या आधी एखादी संध्याकाळ काढून हे दोन्ही वेगळं करून ठेवावं.

चित्र: काय सोडायचं, काय सुधारायचं

धुकं सोडा. सायलेंट हिल २ मधला चित्रावर बारीक कण पसरवणारा फिल्टरही सोडा. याच गेमची २०१२ सालची एचडी कलेक्शनमधली आवृत्ती अपुऱ्या मूळ कोडवरून तयार करावी लागली होती. तिच्यात धुकं विरळ झालं आणि जिथे जमीन संपते त्या कडा उघड्या पडल्या. धुकं नसलेला सायलेंट हिल कसा दिसतो याचा तो जाहीर पुरावा आहे. खेळायचा तर शक्यतो २००१ सालचा मूळ गेमच खेळावा.

इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करून गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, रिझोल्यूशन चौपट-आठपट करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पहिल्या रेसिडेंट ईव्हिलमध्ये त्याचा उलटाच परिणाम होतो. त्यातल्या खोल्या ही आधीच काढून ठेवलेली सपाट चित्रं आहेत आणि त्यांवर फिरणारी माणसं तेवढी थ्रीडी. रिझोल्यूशन वाढवलं की माणसं धारदार होतात, खोल्या धूसरच राहतात, आणि पात्रं वरून चिकटवल्यासारखी दिसू लागतात. प्लेस्टेशनवर भिंतींचं टेक्स्चर (पृष्ठभागावरचं चित्र) चालताना जे थरथरतं ते थांबवण्याचा पर्याय बऱ्याच इम्युलेटरमध्ये असतो. माझं मत विचाराल तर हॉरर गेममध्ये ती थरथर राहू द्या. भिंत नीट स्थिर नसणं इथे शोभतं.

चित्राची लांबीरुंदी मात्र नक्की सुधारा. हे गेम ४:३ पडद्यासाठी केलेले आहेत. ते १६:९ वर ताणले की भुताचा चेहरा रुंद होतो आणि त्याची भीती वाटेनाशी होते. डॉस या जुन्या पीसी प्रणालीवरच्या गेममध्ये आणखी एक भानगड आहे. ३२०×२०० चं चित्र त्या काळी ४:३ पडद्यावर उभं ताणून दिसत असे, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा थोडा उंच. हे गेम आज चालवणाऱ्या डॉसबॉक्स या इम्युलेटरमध्ये ‘आस्पेक्ट’ची सेटिंग चालू केली नाही तर अलोन इन द डार्कमधली सगळी माणसं बुटकी दिसतात.

टीव्हीवर गेम मोड चालू करा. हालचाल गुळगुळीत करणारी आणि कॉन्ट्रास्ट आपोआप बदलणारी सेटिंग बंद करा. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधारातलं सगळंच एका डागात बुडत असेल, तर कन्सोलची आणि टीव्हीची आरजीबी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा मोजायची पट्टी, जुळत नाही असं समजा. हा खरा बिघाड आहे. दोन्हीकडे एकच रेंज निवडली की तो जातो. ब्राइटनेस ठरवायचा तो त्यानंतर, आणि तोही रात्री, दिवे मालवून. दुपारच्या उजेडात ठरवलेला ब्राइटनेस रात्री डोळ्यांवर येतो.

गेम फार हळू किंवा फार वेगात चालतोय

संगीत ओढल्यासारखं वाटतंय, उडी जडावली आहे, वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत? तुमच्या हातात बहुधा युरोपीय म्हणजे पाल आवृत्ती आहे. जपानी आणि अमेरिकी कन्सोल सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत, पाल ५० वेळा. ज्या गेममध्ये हा फरक भरून काढलेला नाही तो सुमारे १७ टक्के मंद चालतो. कॅसलवेनियासारख्या गेममध्ये हे लगेच जाणवतं, कारण तिथे चाबूक कधी उगारायचा हे हाताला तालानं लक्षात ठेवावं लागतं. ६० हर्ट्झची आवृत्ती मिळवणं हाच उपाय.

डॉसच्या गेमचं उलट असतं. त्यांतले काही प्रोसेसरच्या वेगावरच चालायचे, त्यामुळे आजच्या संगणकावर सुसाट पळतात. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ११ नं वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ नं वाढतो. आवाज येत नसेल तर गेमचा सेटअप प्रोग्रॅम उघडा आणि साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड निवडून पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ भरा. डूममध्ये संगीताचं कार्ड आणि आवाजाचं कार्ड वेगवेगळं निवडावं लागतं. एकच निवडलं की राक्षस मुक्यानं अंगावर येतात, आणि ‘गेम जुना आहे’ म्हणून लोक तसेच खेळत राहतात. आवाज नसेल तर हॉरर गेम खेळूच नये, इतकं माझं याबाबत ठाम मत आहे.

‘कंट्रोल वाईट आहेत’

रेसिडेंट ईव्हिल याच तक्रारीमुळे सर्वाधिक वेळा अर्ध्यावर सोडला जातो. १९९६ च्या या गेममध्ये वरचं बटण दाबलं की पात्र स्वतःच्या तोंडासमोर चालतं, पडद्यावर वरच्या दिशेनं नाही. कारण साधं आहे. कॅमेरा ठरलेल्या जागी असतो आणि पात्र पुढे सरकलं की एकदम कोन बदलतो. दिशा पडद्यावरून धरली असती तर कोन बदलताक्षणी पात्र मागे फिरलं असतं. एकदा ‘मी या माणसाच्या डोळ्यांनी चालतोय’ असं मनाशी धरलं की अर्ध्या तासात हात बसतो. कंट्रोलरवरच्या अ‍ॅनालॉग काडीऐवजी दिशादर्शक बटणं वापरा. मूळ आवृत्ती अ‍ॅनालॉग काडीसाठी केलेलीच नव्हती.

त्याहून मोठी चूक म्हणजे दिसेल त्या झॉम्बीवर गोळ्या घालणं. गोळ्या मोजक्या आहेत. रुंद जागेत बाजूनं वळसा घालून निघून जा. ज्या अरुंद वाटेनं पुन्हा पुन्हा जायचं आहे तिथलाच झॉम्बी मारा. जिल आणि ख्रिस या दोन पात्रांपैकी पहिल्यांदा खेळताना जिल निवडा. तिला आठ वस्तू नेता येतात, ख्रिसला सहाच, शिवाय तिच्याकडे कुलूप उघडायची तार आहे. अमेरिकेतल्या पहिल्या आवृत्तीत जपानी आवृत्तीतलं आपोआप नेम धरणं काढून टाकलेलं होतं, तेव्हा एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत नेमबाजी वेगळी वाटली तर कंट्रोलरला दोष देऊ नका.

अलोन इन द डार्क (१९९२) तर पहिल्या मिनिटातच परीक्षा घेतो. माळ्यावर तुम्ही उभे असता आणि खिडकीतून एक प्राणी आत घुसतो. पुष्कळ जण तिथेच त्याच्याशी मारामारी करतात आणि मरतात. कपाट ढकलून खिडकीसमोर लावा, पेटी ढकलून जमिनीतल्या झडपेवर आणा. लढण्याआधी खोली बघायची, हे त्या एका प्रसंगातून गेम शिकवतो आणि पुढे सगळीकडे तेच कामाला येतं.

कॅसलवेनियात उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही आणि मार बसला की पात्र मागे फेकलं जातं, बहुतेक वेळा खड्ड्यात. म्हणून कडेवर उभं राहून लढू नये. पवित्र पाण्याची बाटली मिळाली तर ती सांभाळा, मोठ्या शत्रूंना ती जागच्या जागी खिळवते. मेणबत्तीतून पडलेलं दुसरं शस्त्र चुकून उचललं की बाटली जाते.

सेव्ह

इम्युलेटरमध्ये कुठेही सेव्ह करता येतं म्हणून दर दाराआधी सेव्ह करणं ही भीती घालवण्याची खात्रीची रीत आहे. रेसिडेंट ईव्हिलमध्ये टाइपरायटर शोधावा लागतो आणि इंक रिबन खर्चावी लागते. पुढे जायचं की परत जाऊन रिबन खर्चायची, हा विचार करतानाच छाती धडधडते. गेमनं दिलेल्या जागीच सेव्ह करा. जेवायला किंवा झोपायला उठायचं असेल तेव्हा इम्युलेटरचं सेव्ह वापरायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. इम्युलेटरची नवी आवृत्ती घेतली की जुनं सेव्ह उघडेलच असं नसतं.

खऱ्या कन्सोलवर खेळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. प्लेस्टेशन २ वर पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क चालते, पण तिचं सेव्ह प्लेस्टेशन २ च्या मेमरी कार्डावर होत नाही. जुनं कार्ड लागतं. हे तीन तास खेळल्यावर कळू नये. आणि सेव्ह ठेवणाऱ्या जुन्या कार्ट्रिजमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की सेव्ह जातं, बदलताना काढली तरी जातं. आधी थोडं खेळून सेव्ह करा, कन्सोल बंद करून काही तासांनी परत बघा. कार्ट्रिज चालू होत नसेल तर तोंडानं फुंकू नका. श्वासातल्या ओलाव्यानं धातूचे संपर्क गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

बिघाड नसलेला बिघाड

गेमक्यूबवरचा इटर्नल डार्कनेस (२००२) खेळताना आवाज आपोआप कमी झाला, पडद्यावर माशी चालू लागली किंवा मेमरी कार्ड पुसलं जातंय असं दिसलं, तर वायर उपटू नका. पात्राचं मनःस्वास्थ्य ढासळलं की गेम मुद्दाम असं करतो. सोबत बसलेल्या कुणाला हे आधी सांगू नका.

पडद्यावर खेळण्यातली बंदूक रोखून खेळायचे जुने गेम मात्र आजच्या टीव्हीवर खरंच चालत नाहीत. ट्रिगर ओढताच पडदा क्षणभर उजळतो आणि पिक्चर ट्यूबमधला किरण कुठून जातोय यावरून बंदूक नेम ओळखते. एलसीडीत तो किरणच नाही, त्यामुळे बंदूक कितीही स्वच्छ केली तरी उपयोग नाही. द हाउस ऑफ द डेड २ साध्या कंट्रोलरनं खेळता येतो. त्याच गेमवर बेतलेला द टायपिंग ऑफ द डेड त्याहून चांगला: शब्द टाइप करून झॉम्बी मारायचे, टीव्ही कुठलाही चालतो.

चुकीच्या रात्री चुकीचा गेम

एकाच रात्रीत संपवायचा असेल तर १९९५ चा ‘डी’ नावाचा गेम बघा. बापाला शोधत लॉरा एका वाड्यात शिरते आणि तिच्याकडे खरे दोन तास असतात. सेव्ह नाही, पॉजही नाही. फोन बंद करून, पाणी जवळ घेऊन बसावं लागतं. अधेमधे उठायची सवय असेल तर हा गेम नको.

क्लॉक टॉवर (१९९५) हाही रात्रीचा सोबती. त्यात लढायचं नसतं, पळायचं आणि लपायचं. जेनिफर धावून थकते, तिला बसवून विश्रांती द्यावी लागते. हळू चालते म्हणून वेग वाढवणारं बटण दाबून धरू नका; मागे लागलेला कात्रीवाला खुनी कुठून निघेल याची वाट बघण्यातच सारा थरार आहे. हा गेम अनेक वर्षं फक्त जपानी भाषेत होता. २०२४ साली रिवाइंड नावानं इंग्रजीत अधिकृतपणे आला.

कॅसलवेनिया २: सायमन्स क्वेस्ट (१९८७) एका रात्रीसाठी घेऊ नका. गावातली माणसं दिशाभूल करतात. एका कड्यापाशी लाल स्फटिक हाती घेऊन काही क्षण गुडघ्यावर बसलं तरच वावटळ येऊन पुढे नेते. हे कुणी सांगितल्याशिवाय सुचणं कठीण, इथे मार्गदर्शिका बघण्यात काही गैर नाही.

दोघं असाल आणि हसत खेळत घाबरायचं असेल, तर झॉम्बीज एट माय नेबर्स (१९९३). त्याची खोच पासवर्डमध्ये आहे. पासवर्ड टाकून पुढच्या पातळीवर जाता येतं, पण जमवलेली शस्त्रं सोबत येत नाहीत, आणि पुढच्या पातळ्या नुसत्या पाण्याच्या पिचकारीवर निभत नाहीत. ज्यांना वाचवायचं ते शेजारीही एकदा मेले की पुढच्या पातळीत तेवढे कमीच दिसतात. २०२१ च्या नव्या प्रकाशनात कुठेही सेव्ह करायची सोय आहे. दोन-तीन रात्रींत संपवायचा बेत असेल तर तीच आवृत्ती घ्या.